शाळेतल्या मोठ्यांसाठी: मुलांची वागणूक सांभाळण्याच्या प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघी. एक निवृत्त मुख्याध्यापिका, दुसरी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करणारी. मराठी माध्यमाच्या, सेमीच्या आणि काही आश्रमशाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी आम्ही हे प्रशिक्षण घेतो. शाळेतून फोन आला की पहिल्या पाच मिनिटांत जे विचारलं जातं, तेच इथे उतरवलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

सातवीचा वर्ग हाताबाहेर गेलाय. तुम्ही येऊन मुलांशी जरा बोलाल का?

नाही बोलणार. पूर्वी बोलायचो. मुलं तासभर छान ऐकायची, टाळ्या वाजवायची आणि आमची रिक्षा फाटकाबाहेर पडायच्या आत पुन्हा बाकांवर चढलेली असायची. हे प्रशिक्षण मोठ्यांचं आहे. मुलांनी गोंधळ घालायच्या आधीच्या दहा मिनिटांत शाळेतले मोठे काय करत असतात, हा आमचा मुख्य विषय. गोंधळ झाल्यावर काय करायचं, तेही शिकवतो, पण दुसऱ्या दिवशी.

फक्त शिक्षकांना बसवलं तर चालेल ना? शिपाई, मावशी यांना कशाला?

चालणार नाही. एका शाळेत आम्ही पहिला आठवडा काहीच शिकवलं नाही, फक्त भांडणं कुठे होतात ते एका वहीत लिहीत गेलो. शिक्षकांची खात्री होती की सगळा त्रास सातवी 'ब' मध्ये आहे. वहीत मात्र वर्गातली भांडणं थोडीच निघाली. बाकीची पाण्याच्या टाकीपाशी, मुताऱ्यांकडे जाणाऱ्या बोळात आणि खिचडीच्या रांगेत. टाकीला चार नळ होते. त्यातल्या दोघांना लाकडी खुंट्या ठोकलेल्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली की तीन इयत्ता एकदम उरलेल्या दोन नळांवर धावायच्या, आणि पाठीमागचा पुढच्याचा दप्तराचा पट्टा ओढायचा. शिपाईमामा म्हणाले, "बाई, मी दिवाळीपासून सांगतोय, नळ बसवा. मला कोण विचारतंय?"

नळ बसवले, पाचवीची सुट्टी दहा मिनिटं अलीकडे घेतली, आणि टाकीपाशी उभं राहायची पाळी लावली. भांडणं सगळी थांबली असं नाही, पण सातवी 'ब' वरचा शिक्का पुसला गेला.

म्हणून मामा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, लिपिक, वाचनालय सांभाळणाऱ्या मॅडम, शक्य असेल तर व्हॅनवाले काका, सगळे हवेत. वर्गात बाई सांगतात, "जिन्यावर पळायचं नाही." खाली मामा ओरडतात, "पळा पळा, घंटा झाली!" मुलाने कोणाचं ऐकायचं? आणि हो, या मंडळींना मागच्या रांगेत चहा वाटायला बसवू नका. त्यांना शाळेतलं जे दिसतं ते स्टाफरूममधून दिसत नाही.

एका दिवसात उरकता येईल का?

उरकता येईल, फरक पडणार नाही. एक दिवसाच्या प्रशिक्षणानंतर अभिप्रायात सगळे 'खूप छान' लिहितात, आम्हीही ते कागद घरी नेऊन खूश होतो. पण ऑगस्टमध्ये त्या शाळेत गेलो तर जूनमधलं एकही वाक्य कोणाला आठवत नसतं. आता आम्ही शाळा सुरू होताना दोन दिवस घेतो, मग वर्षभर महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर अर्धा तास. मधल्या काळात ज्यांची तयारी असेल त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसतो. बघायला येतो, तपासायला नाही. गोपनीय अहवालाशी आमचा काहीही संबंध नाही, हे मुख्याध्यापकांकडून आधी सर्वांसमोर वदवून घेतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे अपेक्षित आहेत. हे तास त्यात धरता येतील का, ते तुमच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला आधी विचारून घ्या.

कायदा नेमका काय सांगतो? हलकी चापटही चालत नाही?

चालत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं, आणि जो हे करील त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. 'मानसिक छळ' हे शब्द बहुतेकांच्या नजरेतून निसटतात. अंगठे धरून उभं करणं, कोंबडा करणं, उठाबशा हे तर आलंच, पण "तुझ्या बापाने कधी पुस्तक पाहिलंय का?" हेही त्यातच बसतं. चिडवायचं नाव ठेवणं, जातीवरून किंवा वस्तीवरून बोलणं, फी राहिली म्हणून वर्गात उभं करणं, हे सगळंच.

हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा, म्हणून नववी-दहावीला मोकळीक आहे असं काही जण धरून चालतात. तशी मोकळीक नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे. त्याच्या कलम ७५ प्रमाणे ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या संस्थेतला माणूस असेल तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड.

आणखी एक. "दाखला हातात देईन" ही धमकी आठवीपर्यंत पोकळ आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुलांना हे ठाऊक नसतं, पण हल्ली पालकांना असतं.

कायद्यावर आम्ही एवढीच वीस मिनिटं घालवतो. भीतीने हात आवरतो, पण हाताऐवजी काय वापरायचं हे भीती शिकवत नाही.

मग शिक्षाच करायची नाही का?

चुकीचा परिणाम मुलाला भोगावा लागला पाहिजे, याबद्दल आमचं दुमत नाही. तो परिणाम लहान हवा, लगेच हवा, चुकीशी जोडलेला हवा आणि आधी सांगितलेला हवा. बाकावर कर्कटकाने कोरलं, तर तो बाक घासून साफ करायचा. डबा खाताना सांडलं, तर पुसायचं. दुसऱ्याची वही फाडली, तर त्यातलं लिखाण स्वतः उतरवून द्यायचं.

दोन शिक्षा मात्र आमच्या अगदी डोळ्यांत खुपतात. "मी वर्गात बोलणार नाही" शंभर वेळा लिहायला लावणं ही एक. ज्या भाषेच्या बाई निबंधाच्या तासाला "मनापासून लिहा" म्हणतात, त्याच लिहिणं हे शिक्षा म्हणून वापरतात! दुसरी, खेळाचा तास बंद करणं. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही त्यालाच आपण आणखी चाळीस मिनिटं बसवून ठेवतो, आणि पुढच्या तासाला इतिहासाच्या सरांना ते निस्तरावं लागतं.

सगळ्या वर्गाला शिक्षा? नको. ज्यांनी काही केलं नाही ती मुलं त्या दिवसापासून तुमच्या बाजूची राहत नाहीत.

साठ मुलांच्या वर्गात हे कसं जमायचं? कागदावर सगळं सोपं असतं.

तक्रार खरी आहे. कायद्यात सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. शहरातल्या अनुदानित शाळेत एकेका तुकडीत साठ-पासष्ट मुलं कोंबलेली आम्ही पाहिली आहेत. पण वर्ग जितका मोठा, तितकं 'आधी'चं काम जास्त उपयोगी पडतं.

जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांच्या चित्रफिती पाहून १९७० मध्ये एक पुस्तक लिहिलं. शांत वर्गातले शिक्षक बेशिस्तीनंतर काहीतरी वेगळं करत असतील, या अपेक्षेने त्याने सुरुवात केली होती. तसं काही निघालं नाही. चूक झाल्यावर दोन्हीकडचे शिक्षक साधारण सारखंच बोलत होते. फरक होता तो आधीच्या गोष्टींत: वर्गात सगळीकडे नजर फिरती आहे का, एक काम संपून दुसरं सुरू होताना मुलं रिकामी राहतात का, एकाला प्रश्न विचारताना बाकीचे गुंतलेले आहेत का. आपल्या जुन्या बाईंना 'पाठीला डोळे आहेत' असं आपण म्हणायचो, ते हेच.

यातलं प्रत्यक्ष काय करून घेतो ते सांगते. प्रशिक्षणात शिक्षकांना खरोखर दाराबाहेर पाठवतो आणि वर्गात शिरायला लावतो. बहुतेक जण हजेरीपट, डस्टर आणि पुस्तक छातीशी धरून, मान खाली घालून टेबलापर्यंत येतात, मग पाठ फिरवून फळा पुसतात. तेवढ्यात मागे सगळं घडून गेलेलं असतं. त्याऐवजी दारात थांबा. आत येणाऱ्या दोन-चार मुलांना नावाने हाक मारा. फळ्यावर एक छोटं काम आधीच्या तासाच्या शेवटी किंवा मॉनिटरकडून लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही हजेरी घेताना हात चालू राहतील. सूचना एका वेळी एकच द्या. "वह्या काढा, पान क्रमांक ४२ उघडा, तारीख टाका, मागे बोलू नका, आणि काल कोण नव्हतं?" यातलं साठांपैकी किती जणांनी काय ऐकलं असेल?

आणि आवाज. वर्ग चढला की आपणही चढतो, मग वर्ग आणखी चढतो. थांबा, फळ्यापाशी उभ्या राहा, हळू बोला. पहिल्यांदा करताना अगदी मूर्खासारखं वाटतं. तीन दिवस करून बघा.

गप्प न बसणाऱ्यांची नावं मॉनिटरला फळ्यावर लिहायला सांगतो. त्यात काय चूक?

मॉनिटर मित्राचं नाव लिहीत नाही, ज्याच्याशी भांडण आहे त्याचं लिहितो, नावापुढे फुल्या वाढवत जातो, आणि मधल्या सुट्टीत त्याचा हिशेब चुकता होतो. मॉनिटरला खडू आणायला पाठवा, पोलीस करू नका.

गुण देण्याचे खेळ चालतात का? तारे, चांदण्या वगैरे?

पहिली ते पाचवी चांगले चालतात, थोड्या काळासाठी. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या वर्गात असाच एक खेळ करून पाहिला होता. वर्गाचे दोन गट, नियम मोजके, नियम मोडला की फळ्यावर गटाच्या नावाने खूण. खुणा ठरावीक संख्येच्या आत राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकत. हीच त्यातली शहाणपणाची गोष्ट, आणि आपल्याकडे नेमकी तीच गळते. आपण मुलगे विरुद्ध मुली असे गट पाडतो, एकाला हरवतो आणि मग मुलगे-मुली एकमेकांशी नीट बोलत नाहीत म्हणून पालकसभेत चिंता करतो.

एकच मूल रोज त्रास देतं. सगळं करून झालं. आता?

दहा दिवस वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. 'उद्धटपणा केला' असं लिहायचं नाही. 'पुस्तक जमिनीवर आपटलं' असं, डोळ्यांना दिसलं तेवढंच.

सहावीतला एक मुलगा होता. गणिताच्या तासाला रोज काहीतरी काढायचा: शीळ घालायची, शेजाऱ्याची टोपी फेकायची. सर त्याला बाहेर उभं करायचे. रकाने भरल्यावर सरांनाच दिसलं की सगळे प्रसंग तोंडी उदाहरणं सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांतले आहेत, आणि तिसऱ्या रकान्यात दहाही दिवस एकच नोंद: 'वर्गाबाहेर गेला.' त्याला पाढे येत नव्हते. साठ जणांसमोर सात आठे विचारलं जाण्यापेक्षा बाहेरच्या कट्ट्यावर बसून कबुतरं बघणं त्याला परवडत होतं. सर त्याला शिक्षा करतो आहोत असं समजत होते, तो सुटका करून घेत होता. पुढे सरांनी त्याला तोंडी विचारणं महिनाभर बंद केलं, विचारायचं ते उदाहरण आदल्या दिवशी सांगून ठेवायला लागले. पाढे मात्र त्याला शिकवावेच लागले. त्याला तीन महिने गेले. तिथे कुठलंही तंत्र कामाला आलं नाही.

मूल एकदम भडकलं, बाक ढकलायला लागलं, तर धरायचं का?

आधी बाकीच्या मुलांना बाहेर काढा. भडकलेल्याला हलवण्यापेक्षा एकोणसाठ जणांना व्हरांड्यात नेणं सोपं असतं. तुम्ही त्याच्यापासून दोन हात लांब, थोडं तिरकं उभं राहा, दाराची वाट अडवू नका. कमी बोला. "मी इथे आहे. पाणी देऊ?" एवढं पुरे. "का केलंस?" हा प्रश्न त्या वेळी विचारूच नका, त्याचं उत्तर त्यालाही ठाऊक नसतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तरच अडवायचं, तेही दोघांनी आणि कमीत कमी वेळ. गळा, छाती, तोंड यांवर दाब येता कामा नये, मुलाला जमिनीवर पालथं दाबून धरायचं नाही. त्याच दिवशी लेखी नोंद आणि पालकांना फोन. बोलणं दुसऱ्या दिवशी, एकांतात.

"तुमचा मुलगा अतिचंचल आहे" असं पालकांना सांगावं का?

निदान करणं आपलं काम नाही. काय दिसतं ते सांगा: "सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त बसत नाही, वस्तू हरवतात, वाचताना ओळ सुटते." मग बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सुचवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता येतात, तेव्हा योग्य प्रमाणपत्र असेल तर परीक्षेतल्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. आणि नजर किंवा कान कमी असण्याची शक्यता सगळ्यात आधी तपासा. मागच्या बाकावरची 'मुद्दाम दुर्लक्ष करणारी' एक मुलगी आम्हाला अशीच भेटली. तिला एका कानाने नीट ऐकूच येत नव्हतं.

बोलता बोलता मुलाने घरच्या किंवा शाळेतल्या कोणाबद्दल भलतंच सांगितलं तर?

ऐका, विश्वास ठेवा, खोदून विचारू नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेने 'अंतर्गत चौकशी' करून मग ठरवायचं, असा पर्याय कायद्यात नाही. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर १ वर्षापर्यंत. मुलाचं नाव स्टाफरूममध्येही फिरता कामा नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक प्रत्येक मजल्यावर, मुलांच्या उंचीला दिसेल असा लावा. मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यांच्या डोक्याच्या वर लावून उपयोग नाही.

पालकच म्हणतात, "दोन ठेवून द्या सर, आमची हरकत नाही."

पालकांच्या परवानगीने कायदा बदलत नाही, हे हसून सांगा. त्या वाक्यामागे बऱ्याचदा दमलेपण असतं. विचारा, "घरी तुम्ही ठेवून देता, त्याने फरक पडला का?" बहुतेक जण खरं सांगतात. मग एकच गोष्ट ठरवा, शाळेत आणि घरी दोन्हीकडे होईल अशी. आणि त्या पालकांना महिन्यात एकदा तरी चांगलं सांगायला फोन करा. शाळेचा नंबर दिसला की त्यांच्या पोटात गोळा येतो, तो थोडा तरी विरघळेल.

मुलं शाळेतच येत नाहीत. हाही वागणुकीचाच प्रश्न का?

आमच्या मते हो, आणि त्यावरचं सगळ्यात चांगलं उत्तर महाराष्ट्रात फार आधी दिलं गेलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालं आणि १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत येत नसत. मग शाळाच कुरणात गेली: कुरणशाळा. मूल बदलण्याआधी वेळ, जागा आणि काम बदलून पाहिलं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर मधूनच तुमच्या वर्गात येणाऱ्या मुलाबद्दल आम्ही हेच विचारतो. त्याला बसायला ठरलेली जागा आहे का, जोडीदार आहे का, निदान गणवेशावरून कोणी हटकत तर नाही ना?

जुने शिक्षक म्हणतात, "आम्ही पंचवीस वर्षं शिकवतोय, आम्हाला काय सांगता?"

बरोबरच म्हणतात. प्रत्येक शाळेत एक तरी सर किंवा बाई असतात ज्यांच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते आणि मुलांच्या चेहऱ्यावर भीतीही नसते. आम्ही त्यांनाच पहिल्या सत्रात उभं करतो आणि विचारतो, तुम्ही काय करता? "काही विशेष नाही हो" म्हणतात. मग त्यांच्या वर्गात बसून आम्ही ते विशेष टिपतो. काही जण मात्र छडीच्या जोरावर शांतता राखतात आणि तिलाच अनुभव म्हणतात. त्यांच्याशी वाद घालत बसत नाही. त्यांच्या तासानंतरच्या तासाला वर्ग कसा असतो, तेवढं बघायला सांगतो.

फरक पडला हे कसं कळणार?

कार्यालयात पाठवलेल्या मुलांची संख्या, जखमांची नोंद, कोणत्या जागी आणि कोणत्या तासाला किती प्रसंग, हे जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत मोजा. पहिल्या दोन महिन्यांत आकडे वाढतात, घाबरू नका. आधी कोणी लिहीतच नव्हतं.

प्रशिक्षणाला येताना काय तयारी हवी?

शाळेचं वेळापत्रक, ऑफ तास आणि कोण कुठे थांबतं त्याच्या पाळ्यांसकट. इमारतीचा हाताने काढलेला नकाशा, त्यात मुताऱ्या आणि पाण्याची टाकी दाखवलेली. दोनशे पानी कोरी वही एक. बसायला खुर्च्या नकोत, वर्गातले बाकच ठेवा, मुलांचे. आपण दोन दिवस त्यांवर बसू. दुपारपर्यंत पाठ धरते, चुळबुळ सुरू होते, आणि तिसऱ्या सत्रात कोणीतरी हमखास शेजारणीशी कुजबुजायला लागतं. आम्ही तिथूनच पुढचं सत्र सुरू करतो.